इतर कौशल्ये : निरंक

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवलेले नसतात, आणि वसमतच्या रस्त्यानं ऊसतोडीला निघालेल्या गाड्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत पत्रे, पाण्याचे ड्रम, सरपण, पाय बांधलेली शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. पुढं गाणं इतक्या मोठ्यानं लावलेलं की मागं कुणी रडत असेल तर ऐकू येऊ नये. कापूस अर्धा वेचून झालेला असतो, तूर पिवळ्या फुलावर आलेली असते, हळदीची पानं कडेकडेनं वाळायला लागलेली असतात. हवेत गारवा, गारव्यात डिझेलचा वास. मी खत-बियाण्यांच्या दुकानाचं शटर वर करत असतो. गाड्या पुढं जातात आणि मला चार वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. मग स्वतःची जी किळस येते, ती दुपारपर्यंत काही जात नाही.

त्याआधी नऊ वर्षं मी एका विनाअनुदानित शाळेत इतिहास शिकवत होतो. शाळा बंद पडली. गावातली माणसं भेटली की हळहळत, ‘नऊ वर्षं वाया गेली की हो मास्तर,’ आणि हळहळून झाल्यावर ताजीतवानी होऊन चहा पीत. त्याच दिवाळीत एका संस्थेत कंत्राटावर काम मिळालं. ज्यांचा जुना धंदा सुटलाय त्यांच्याशी बोलायचं, जुन्या कामातलं कोणतं कौशल्य नव्या कामात चालेल ते ओळखायचं आणि फॉर्म भरायचा. ज्याचा स्वतःचा धंदा बुडालाय त्यालाच या कामावर घ्यावं ही कल्पना कुणाची, ते कळलं नाही. पण मला तेव्हा ती फार हुशारीची वाटली.

प्रशिक्षण नांदेडला झालं. दोन दिवस, एका हॉटेलाच्या थंडगार हॉलमध्ये. पुण्याहून आलेला प्रशिक्षक निळ्या कोटात होता आणि दर पाच मिनिटांनी आम्हाला टाळ्या वाजवायला लावत होता. त्यानं फळ्यावर एक वर्तुळ काढलं, त्याला छेदणारं दुसरं काढलं आणि मधल्या भागात लिहिलं, ‘हस्तांतरणीय कौशल्ये’. हस्तांतरण हा शब्द आमच्याकडं फक्त तलाठ्याच्या दारात ऐकू येतो. शेत एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जातं आणि दोन भाऊ बोलायचे बंद होतात, त्याला हस्तांतरण म्हणतात. माझ्या शेजारी बसलेल्या एका माणसानं हळूच विचारलं, “ह्याला फेरफार लागतो का?” मी हसलो नाही. मी वहीत वर्तुळं काढत होतो. सरावासाठी प्रत्येकानं स्वतःचा फॉर्म भरला, तेव्हा मी स्वतःला संवादात दहापैकी नऊ गुण दिले. एक नम्रतेसाठी कापला.

फॉर्मला सात रकाने होते. संवाद, नेतृत्व, संघभावना, वेळेचं नियोजन, निरीक्षण, अडचणींवर मात आणि शेवटी ‘इतर’. माणसाच्या आयुष्यात या सातांबाहेर काही घडत असेल, असं तो फॉर्म छापणाऱ्याला वाटलेलं नव्हतं. भरणाऱ्यालाही वाटलं नाही.

संस्थेचं एक हंगामी वसतिगृह होतं, कळमनुरीच्या पुढं एका गावात. आईबाप तोडीला गेले की मागं राहिलेली लेकरं तिथं सहा महिने राहत. शाळेच्याच दोन खोल्या, पुढं पत्र्याचं स्वयंपाकघर, अंगणात हातपंप. तिथं काळजीवाहक हवी होती म्हणून मी खुर्ची-टेबल मांडून मुलाखती घेतल्या. त्यात द्वारकाबाई आली. चाळिशीच्या पुढची, उन्हानं रापलेली, हातात काठी नसल्यामुळं हात कुठं ठेवावेत हे न कळणारी. धनगराचं घर. नवऱ्याचे गुडघे गेले, चराईची रानं हळदीखाली आणि तारेच्या कुंपणाखाली गेली, तेव्हा त्यांनी मेंढरं विकली होती.

“तुम्हाला काय काय येतं?” मी विचारलं.

“कशातलं?”

“म्हणजे कामातलं.”

“मेंढरं राखली की, मास्तर. जन्मभर.”

“ते सोडून?”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “ते सोडून टाइमच कुठं व्हता?”

मी नेतृत्वाचं विचारलं, संघभावनेचं विचारलं. वेळेचं नियोजन कसं करता, हेही विचारलं. ती म्हणाली, “दिवस उगवायच्या आधी उठावं लागतंय.” मी मान डोलावली. सात रकान्यांत सात वेळा एकच शब्द लिहिला, निरंक. सरकारी कागदात हा शब्द किती स्वच्छ दिसतो. एका माणसाची तीस वर्षं पुसून टाकायला तीन अक्षरं पुरतात आणि हाताला शाईसुद्धा लागत नाही.

काळजीवाहक म्हणून शीतल नावाच्या मुलीला घेतलं. दहावी पास, कसलंसं प्रमाणपत्र होतं आणि फॉर्मवरची उत्तरं तिनं रकान्यांच्याच भाषेत दिली. मुलगी वाईट नव्हती. रजिस्टर इतकं नेटकं ठेवायची की बघत राहावं. द्वारकाबाईला भाकरी करायला ठेवलं. तेही माझ्या शिफारशीनं नाही. आधीची बाई सोडून गेली होती म्हणून.

महिना झाला असेल. गव्हाची पेरणी उरकली होती, सकाळी हरभऱ्याच्या पानावर दव असायचं. मी पाहणीसाठी वसतिगृहावर गेलो होतो. दुपारचे चार वाजले असतील. अंगणात लेकरं रांगा करून बसली होती, शीतल हजेरी घेत होती. एकेका नावाला ‘उपस्थित, मॅडम’ असा खणखणीत आवाज येत होता. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस उपस्थित. मला तो आवाज ऐकून बरं वाटलं. नऊ वर्षं माझ्या वर्गातही असाच यायचा.

स्वयंपाकघराच्या दारात द्वारकाबाई हाताचं पीठ झाडत उभी होती.

“मास्तर, तीन लेकरं कमी हायेत.”

शीतल म्हणाली, “मावशी, आत्ताच हजेरी झाली. एक्केचाळीस हायेत.”

“न्हाईत.”

“तुम्ही मोजली का?” मी विचारलं.

“मोजायला काहून पायजे? दिसून राहिलंय की.”

मी रजिस्टर हातात घेतलं. एका खाली एक निळ्या शाईच्या उपस्थितीच्या खुणा, कुठं खाडाखोड नाही. आणि मी म्हणालो, “तुम्ही भाकरीचं बघा, द्वारकाबाई.”

हे वाक्य मी सौम्यपणे म्हणालो होतो. माझा तुच्छपणा कधीच उद्धट नव्हता. तो शिकलेला होता. समोरच्याला आपण समजून घेतोय असा चेहरा करून त्याला दाराबाहेर ठेवण्याचं एक कसब शाळेत अंगवळणी पडतं, आणि ते मात्र कुठंही सहज हस्तांतरित होतं. त्याला एकही रकाना नव्हता.

ती भाकरीकडं गेली नाही. सरळ रांगांमध्ये शिरली आणि म्हणाली, “चला रे, उठा. ज्यानं त्यानं आपापल्या अंथरुणापाशी जाऊन बसा.” लेकरं धावत खोल्यांत गेली, आपापल्या गुंडाळलेल्या अंथरुणापाशी बसली. कोपऱ्यात तीन अंथरुणं एकमेकांना चिकटून ठेवलेली होती. त्यांच्यापाशी कुणीच नव्हतं. आरती आणि तिच्या दोन धाकट्या बहिणी. त्यांच्या नावाला मागच्या रांगेतल्या मैत्रिणींनी ‘उपस्थित’ म्हटलं होतं. आरतीनं तसं ठरवून दिलं होतं. अकरा वर्षांची पोर ती. नियोजन, नेतृत्व आणि संघभावना, तिन्ही रकाने तिनं एका दुपारी भरले होते.

शीतलनं माझ्या हातातलं रजिस्टर ओढून घेतलं. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो संस्थेच्या साहेबांचा. आता साहेब काय म्हणतील? पोरींचा विचार त्याच्या मागून आला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग धावपळ. शीतल लेकरांना हलवून हलवून विचारत होती, “कुठं गेल्या? सांगा ना, कुठं गेल्या?” लेकरं रडायला लागली. मी मोटारसायकल काढली. पोरींची आजी दोन गावं सोडून राहते असं रजिस्टरात होतं, तिकडं जायचं ठरवलं. शीतलनं शाळेच्या शिपायाला बसस्टँडवर पाठवलं. आईबाप कारखान्याकडं गेले, पोरी बस पकडायला गेल्या असतील, हा आमचा तर्क. फार सरळ तर्क होता. पोरींना आई हवी, आई सांगली जिल्ह्यात आहे, म्हणजे पोरी सांगलीच्या वाटेला लागणार.

निघताना मी पाहिलं, द्वारकाबाई एका लहानशा पोरीसमोर उकिडवी बसली होती. ती पोर आरतीच्याच वाडीची. कुठं गेल्या, असं द्वारकाबाई विचारतच नव्हती. ती विचारत होती, “बाय, त्यांच्या मायबापाची गाडी कुठून सुटली व्हती? तू व्हतीस का तवा?” पोरगी नाक ओढत काहीतरी सांगत होती. मला वाटलं, ही बाई आता गप्पा मारत बसलीय. मी किक मारली.

आजीच्या घराला कुलूप. आजी कुणाच्या तरी शेतात कापूस वेचायला गेलेली. शेत शोधलं. आजीनं मला पाहून ओटीतला कापूस खाली टाकला आणि ती जे ओरडायला लागली, ते माझ्या नऊ गुणांच्या संवादकौशल्यानं थांबलं नाही. स्टँडवरून फोन आला, तिथंही नाहीत. दिवस कलायला लागला होता. उसाच्या फडांवर तुरे आले होते आणि उन्हाची तिरीप त्यांच्यावर पडून सगळं रान चांदीसारखं दिसत होतं. इतकं सुंदर दिसत होतं की राग यावा. प्रत्येक फडाच्या कडेला गाडी थांबवून मी हाका मारत होतो. उसात आवाज चार पावलंसुद्धा जात नाही.

परत येताना वाडीच्या फाट्यावर मी त्यांना पाहिलं. वसतिगृहापासून हा फाटा चांगला पाच किलोमीटर. डांबरी रस्त्याला मातीचा रस्ता येऊन मिळतो, तिथं एक बोडकं बाभळीचं झाड आणि मैलाचा दगड. दगडाला टेकून तिन्ही पोरी बसल्या होत्या. मधलीच्या मांडीवर डोकं ठेवून धाकटी झोपली होती. आणि त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, द्वारकाबाई पाय पसरून बसली होती. सहज वाटेत दम खायला बसल्यासारखी. पोरींकडं बघतसुद्धा नव्हती.

मी गाडीवरून उतरून पोरींकडं धावणार, तेवढ्यात ती हलक्या आवाजात म्हणाली, “गाडी बंद करा, मास्तर. अन् हितं बसा.”

“अहो, पण त्यांना घेऊन...”

“वढून नेल्या तर उद्या पुन्हा येतील. उठतील आपल्या आपल्यानं.”

मी बसलो. गार वारा सुटला होता. तिच्या पदराला अजून पीठ होतं. मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं इथं असतील म्हणून?”

ती समोर बघतच म्हणाली, “तुटलं की जिथं माय शेवटाला दिसली तिथंच येतंय. माय कुठं गेली ते त्याला काय म्हाईत?”

आम्ही किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. एक ट्रॅक्टर गेला. आरतीनं मान वर करून त्याच्या ट्रॉलीकडं पाहिलं, ती रिकामी होती. ट्रॅक्टर लांब जाईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं धाकटीला हलवलं, मधलीला उठवलं, फ्रॉकची धूळ झाडली आणि रस्ता ओलांडून द्वारकाबाईच्या समोर येऊन उभी राहिली. द्वारकाबाई उठली. धाकटीला कडेवर घेतलं. “चला, पिठलं केलंय,” म्हणाली. एवढंच. मी मोटारसायकल ढकलत मागून चाललो. गाडीवर बसायचा मला धीर झाला नाही.

पुढचे तीन दिवस मी पेटून उठलो होतो. फॉर्म, वर्तुळं, टाळ्या, सगळ्याचा राग आला होता. पण राग येऊन मी केलं काय? आणखी कागद लिहिले. तीन पानांचं टिपण. मेंढपाळाच्या धंद्यातली कौशल्यं वसतिगृहाच्या व्यवस्थापनात कशी उपयोगी पडतात यावर. कळप न मोजता ओळखणं म्हणजे निरीक्षण. तुटलेलं कोकरू आईला शेवटचं पाहिलेल्या जागी परत येतं, या अनुभवाचं लेकरांबाबत उपयोजन म्हणजे अडचणींवर मात. जबरदस्ती न करता कळप वळवणं म्हणजे नेतृत्व. लिहिता लिहिता मला भरून येत होतं. आपण एका माणसाला न्याय देतोय असं वाटत होतं. निळ्या कोटवाल्याच्या मधल्या वर्तुळात मी द्वारकाबाईला उचलून नेऊन बसवलं होतं.

ते घेऊन साहेबांकडं गेलो. साहेबांनी चहात बिस्कीट बुडवत पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं, तिसरं बाजूला ठेवलं.

“म्हणजे लेकरं मेंढरं आहेत का?” ते म्हणाले.

“तसं नाही सर. पण तिला काळजीवाहक करावं असं मला वाटतं.”

“दहावी आहे का?”

“नाही.”

“मग? भाकरी चांगल्या करते ना ती? करू द्या की.” बिस्कीट चहात पडलं होतं, ते त्यांनी बोटानं काढलं. “आणि पोरी हरवल्या होत्या हे कुठं लिहू नका. ‘दक्ष कर्मचारी’ असं काहीतरी करा. फोटो शीतलचा लावा, तिला युनिफॉर्म आहे.”

मी वाद घातला नाही. ‘दक्ष कर्मचारी’ असं लिहून दिलं. भाषाही सफाईदार झाली.

पुढच्या वर्षी प्रकल्प संपला आणि मी पुन्हा बेकार झालो. आता दुकानात आहे. गिऱ्हाईक फवारणीचं विचारतं आणि मी न अडखळता सांगतो. न वाचलेल्या धड्यावर पाऊण तास बोलायची सवय इतिहासाच्या मास्तराला असतेच, ती कीटकनाशकांना बरोबर लागू पडते. वसतिगृह दुसऱ्या कुणाकडं गेलं. द्वारकाबाई अजून तिथंच भाकरी करते. शीतलही आहे. ती भेटली होती मागं, म्हणाली, “सर, आता हजेरी घेतली की मी आधी मावशीच्या तोंडाकडं बघते, मंग रजिस्टर मिटते.” चार वर्षांत त्या संस्थेत कुणी काही शिकलं असेल तर ती एकटी. माझं नाव त्यात धरू नये. का ते सांगतो.

साहेबांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वसतिगृहावर गेलो होतो. साहेबांनी नाही म्हटलं तरी टिपण तिला वाचून दाखवावं, तिचं मोल मला तरी कळलंय हे तिला कळावं, असं वाटत होतं. म्हणजे खरं तर आभार हवे होते. सकाळची वेळ, लेकरं वर्गात होती. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. धुरानं डोळे चुरचुरत होते. मी दारातल्या पोत्यावर बसलो आणि वाचायला लागलो. ती ऐकत होती, भाकरी फिरवत होती. कोकराच्या वाक्यापाशी आलो तेव्हा तिचा हात थांबला.

“मेंढराचं काहून लिहिलं?”

“तुम्हीच म्हणालात ना फाट्यावर? तुटलं की जिथं माय दिसली तिथंच येतंय.”

“मी मेंढराचं कवा म्हणले?”

मी आठवून पाहिलं. तिच्या वाक्यात कर्ताच नव्हता. नपुंसकलिंगी क्रियापद तेवढं होतं. कोकरू त्यात मी बसवलं होतं. धनगराची बाई, म्हणजे कोकरू. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेत मी ढ पोरांशी बोलायचो तसा आवाज होता.

“मेंढरू तुटलं तर वरडतंय, मास्तर. सापडतंय. आमी मेंढरं घेऊन चार-चार महिने फिरायचो. पोरगी लहान व्हती, चालायची न्हाई, म्हणून हट्टा गावाला भावाकडं ठेवली. वड्याच्या काठाला तिला भावजयीच्या हातात दिली अन् निघाले. मागं वळून बघितलं न्हाई, बघितलं तर पाय निघत न्हाई म्हणून. परत आले तवा भावजय म्हणली, रोज दुपारी वड्यापाशी जाऊन बसती. मारलं तरी जाती.”

भाकरी फुगली. तिनं ती उतरवून टोपल्यात ठेवली, दुसरा गोळा घेतला.

“आता हाय की तिकडंच, दिलेली. दोन लेकरं हायेत. मी जाते कवामवा. पर मी निघाले की ती दारात येत न्हाई. आत काम काढती.”

मी कागद मांडीवर उलटे केले. माझ्याजवळ फक्त फॉर्म भरणाऱ्याचा प्रश्न शिल्लक होता.

“किती दिवस बसायची ती तिथं?”

तिनं पिठाचे हात तसेच थांबवले आणि माझ्याकडं पाहिलं.

“मला काय म्हाईत, मास्तर? मी तिथं व्हते का?”